फुकटचं स्वावलंबन

पहिला दरवाजा आला तेव्हा हेडक्लार्कांना फार आनंद झाला. चांगला जाड लाकडी दरवाजा होता, त्याला पितळी कडी होती, आणि ज्या माणसानं तो डोक्यावरून वरच्या मजल्यापर्यंत वाहून आणला त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. हेडक्लार्कांनी तो हॉलच्या भिंतीला टेकवला, दोन पावलं मागं सरून पाहिला आणि बायकोला म्हणाले, "बघितलंस? घराला सुरुवात झाली."

"दरवाज्यापासून?" बायकोनं विचारलं. "आणि भिंती?"

"येतील. लोक देतील."

हेडक्लार्क विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, पण आजूबाजूचे लोक त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत. काही पदं तेलाच्या डागासारखी असतात, कितीही धुवा, जात नाहीत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांत चुका काढल्या. जळालेल्या दुकानाच्या मालकाला "आग नेमकी कुठल्या कोपऱ्यात लागली ते कळवावे" असं विचारणारा माणूस तो हाच. पण स्वतःच्या योजनेत त्यांना एकही चूक सापडेना.

योजना अशी होती. बायकोच्या भावाची, म्हणजे मेव्हण्याची, शहराबाहेर थोडी जमीन पडून होती. तिथं आपल्या हातानं घर बांधायचं, भाजी पिकवायची, कोंबड्या पाळायच्या, पावसाचं पाणी साठवायचं आणि कुठल्याही दुकानदाराचं तोंड म्हणून बघायचं नाही. इथवर ठीक. असलं खूळ निवृत्त माणसांच्या डोक्यात शिरतं आणि दुपारच्या झोपेबरोबर निघूनही जातं. हेडक्लार्कांचं तत्त्व मात्र आणखी कडक होतं. जे घर कुणावर अवलंबून राहणार नाही, ते उभं करतानाही काही विकत घ्यायचं नाही! लागेल ते सगळं लोकांच्या माळ्यांवर, गच्च्यांवर आणि पलंगाखाली पडून आहे, ते मागून घ्यायचं. सामान मागायचं, अवजारं मागायची, रोपं मागायची. म्हणजे कुणावरही अवलंबून राहायचं नाही म्हणून साऱ्या वस्तीवर अवलंबून राहायचं. दुसऱ्या कुणाच्या अर्जात ही गोष्ट असती तर हेडक्लार्कांनी लाल शाईनं अधोरेखित केली असती.

आणि याच उत्साहाच्या भरात ते तळमजल्यावर घरमालकाकडे जाऊन सांगून आले, "आम्ही महिनाअखेर जागा सोडतोय."

त्यांची अपेक्षा होती की घरमालक हातातला चहा खाली ठेवील, म्हणेल, अहो असं काय करता, इतकी वर्षं राहिलात, घरच्यासारखे झालात. घरमालकानं चहा संपवला आणि विचारलं, "किल्ली त्याच दिवशी द्याल की दुसऱ्या दिवशी सकाळी?"

हा घाव हेडक्लार्कांनी निमूट सोसला. बायकोला ही गोष्ट योग्य वेळ बघून सांगायची असं त्यांनी ठरवलं. नवरे जिला योग्य वेळ म्हणतात ती जगात अजून कुणाला सापडलेली नाही.

मागणीची बातमी फिरली आणि लोकांच्या दातृत्वाला पूर आला. दातृत्व म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. जी वस्तू भंगारवाला घेत नाही, कचऱ्याची गाडी उचलत नाही आणि घरातून निघाल्याशिवाय सुनेशी भांडण मिटत नाही, ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची आणि वर "चांगल्या कामाला हातभार" असं म्हणून छाती फुगवायची. अशा हातभारानं हेडक्लार्कांचा हॉल भरला, मग आतली खोली भरली, मग जिना भरला. दरवाजे तर इतके आले की वस्तीतल्या लोकांनी सगळी दारं काढून पडदे लावले की काय अशी शंका यावी. चौकट मात्र एकाही दरवाज्याला नव्हती. कारण चौकट भिंतीत असते आणि भिंत कुणी दान करत नाही.

अवजारंही आली. फावडं आलं, त्याला दांडा नव्हता. दांडा आला, तो दुसऱ्याच घरातून, त्या फावड्यात बसेना. एक गवत कापायचं यंत्र आलं, ज्याची पाती सोडून बाकी सगळं शाबूत होतं. लोखंडी नळाचे तुकडे आले, पण कुठल्याही दोन तुकड्यांचे आटे जुळत नव्हते. एक आंघोळीचा टब आला. टबाला भोक असतंच, पण या टबाला ते जिथं असायला हवं तिथं नव्हतं.

शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर राहायचा. आयुष्यभर लोकांना "पुढे सरका" सांगितल्यामुळे दुसऱ्याच्या घरात कुठली वस्तू कुठं सरकवायची याचं त्याला उपजत ज्ञान होतं. रोज सकाळी पेपर वाचायच्या निमित्तानं तो यायचा आणि सल्ला देऊन जायचा.

"हेडक्लार्क साहेब, दरवाजे आडवे टाका, त्यांच्यावर गाद्या टाका. पलंगाचा खर्च वाचला."

"आमच्याकडे पलंग आहेत."

"मग पलंग दान करा!"

हेडक्लार्कांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून पातेलं जरा मोठ्यानं आपटलं. कंडक्टरला ते ऐकू आलं नाही. बेल, शिट्टी आणि बाईमाणसाचा राग, यातलं तिसरं त्याला नोकरीत कधी शिकवलंच नव्हतं.

खरी गंमत रोपांची झाली. हेडक्लार्कांनी वांगी, टोमॅटो, मिरच्या, पालेभाज्या यांची स्वप्नं बघितली होती. लोकांनी आणले मनीप्लँट. शिंप्यानं मनीप्लँट आणला, चष्मेवाल्यानं मनीप्लँट आणला, घरमालकाच्या बायकोनं बाटलीतला मनीप्लँट आणला. ज्याच्याकडे मनीप्लँट नव्हता त्यानं कोरफड आणली. ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं त्यानं एक निवडुंग आणला, ज्याचे काटे हेडक्लार्कांच्या धोतरातून आठवडाभर निघत राहिले. खायला येईल असं एकही रोप आलं नाही. कारण उघड आहे. खायला येतं ते लोक खातात. देतात ते उरलेलं.

"मनीप्लँटची भाजी करता येते का हो?" हेडक्लार्कांनी एकदा बायकोला हळूच विचारलं.

"करते की," ती म्हणाली. "तुम्ही आधी खा. तुमचा विमा उतरवलेला आहे."

बरं, नको म्हणावं तर नको म्हणता येईना. माणूस घाम पुसत, दम टाकत, जिना चढून येतो, "साहेब, तुमच्यासाठी जपून ठेवलं होतं" म्हणतो, आणि त्याला परत पाठवायचं? कंपनीत हेडक्लार्क टेबलाच्या पलीकडे बसायचे, मध्ये जाळी होती, आणि नकार टाइप होऊन पोस्टानं जायचा. इथं जाळी नव्हती. शिवाय देणारा माणूस वस्तू देऊन सुटतो असं थोडंच आहे? तो अधूनमधून वस्तूला भेटायला येतो. "आमचा आरसा कुठं लावणार?" "आमचं फावडं गंजलं नाही ना?" चष्मेवाला तर आपल्या मनीप्लँटला पाणी नीट मिळतं की नाही हे बघायला यायचा आणि शिंप्याच्या मनीप्लँटकडे तुच्छतेनं बघून जायचा.

मग दातांची डॉक्टरीण आली. तिनं नवा दवाखाना काढला होता आणि जुन्या दवाखान्यातली रोग्याची खुर्ची चार हमालांकरवी वर चढवली. अख्खी खुर्ची. वर दिवा, बाजूला थुंकायचं भांडं, खाली पायानं दाबायचा दांडा.

"बागेत बसायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागं छान झुकते. फक्त एकदा मागं गेली की पुढं यायला जरा आढेवेढे घेते."

हेडक्लार्कांनी आभार मानले. खुर्ची जिन्याच्या वळणावर ठेवावी लागली. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर येणारा प्रत्येक माणूस वळणावर दचकायचा आणि नकळत तोंड मिटून घ्यायचा.

याच सुमारास कुणीतरी तक्रार केली. कुणी केली ते कळलं नाही, पण घरमालक त्या दिवसांत फार गोड बोलत होता. नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर आला, जिन्यावर दातांच्या खुर्चीला अडखळला, आणि वर येऊन म्हणाला, "विनापरवाना भंगाराचा धंदा करता?"

हेडक्लार्कांचं तोंड लाल झालं. त्यांना आयुष्यात पुष्कळ काय काय म्हटलं गेलं होतं. आगीत दुकान गेलेला माणूस विमा कंपनीच्या हेडक्लार्कला काय म्हणतो ते लिहिता येण्यासारखं नाही. पण भंगारवाला? "हे भंगार नाही," ते ताठ होऊन म्हणाले. "हे बांधकामाचं साहित्य आहे."

"मग बांधकामाची परवानगी दाखवा."

"बांधकाम शहराबाहेर आहे. जमीन शेतीची आहे."

"शेतीच्या जमिनीवर घर बांधायचं तर तिथं शेती चालू असल्याचा दाखला लागतो."

"शेती चालू करायला अवजारं आणि रोपं तिथं न्यावी लागतील."

"नेताना वाहतुकीचा दाखला लागेल. भंगार असेल तर एक, साहित्य असेल तर दुसरा."

"साहित्य आहे."

"तेच तर म्हणतो. साहित्य असेल तर बांधकामाची परवानगी दाखवा."

या गोल फिरणाऱ्या चक्राची हेडक्लार्कांना जन्मभराची ओळख होती. त्यांनी स्वतः असली चक्रं घडवली होती, तेल घालून फिरवली होती. फरक इतकाच की आज ते चक्राच्या आत होते, आणि आतून ते मुळीच विनोदी दिसत नव्हतं.

इन्स्पेक्टर समज देऊन निघाला, दारात थांबला, आणि आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, आमच्या ऑफिसात एक कूलर पडून आहे. मोडीत काढलाय पण कुणी नेत नाही. तुम्हाला चालेल?"

"चालेल," हेडक्लार्क म्हणाले. काय करणार!

बायकोला कळायची वेळ अशी आली. एका दुपारी बेल वाजली. दारात एक सासू आणि एक सून. सासूच्या हातात शिंप्याची टेप. "खिडक्या मोजायच्यात," सासू म्हणाली आणि आत आली. दरवाज्यांच्या ढिगाला वळसा घालून तिनं हॉलची खिडकी मोजली, सुनेनं आकडा पाठ केला.

हेडक्लार्कांच्या बायकोला वाटलं, कुणीतरी पडदे दान करतंय. "अहो, पडदे नकोत आम्हाला," ती म्हणाली. "आहेत."

"तुम्ही नेणारच ना तुमचे?" सासूनं विचारलं. "आम्ही पहिल्या तारखेला येतोय राहायला. मालकांनी सांगितलं नाही का?"

त्या बायका गेल्यावर घरात जी शांतता झाली तिच्यात मनीप्लँट वाढताना ऐकू आला असता. बायकोनं चहा केला. एक कप. स्वतःसाठी. तो प्याली, कप धुतला आणि मग बोलली.

"तोंडानं शब्द देऊन बसलात, आता जायला तर लागेलच. मला फक्त एवढंच सांगा. तुम्हाला खरंच जायचंय का?"

इथं खरं बोलायची संधी होती. अशी संधी माणसाच्या संसारात फार वेळा येत नाही. पण माणसाला मान नावाची एक वस्तू असते, ती कुणी दान करत नाही आणि तिला कुणी भंगारातही घेत नाही. हेडक्लार्क म्हणाले, "म्हणजे काय! अर्थातच."

पहिली खेप जमिनीवर न्यायची ठरली. कंडक्टरच्या पुतण्याचा टेम्पो होता, फुकट. आणि फुकट असल्यामुळे काय भरायचं ते पुतण्यानं ठरवलं. त्यानं दरवाजे भरले, टब भरला आणि दातांची खुर्ची भरली. वाहतुकीचा दाखला कुणी विचारला नाही. ज्या दाखल्यासाठी माणूस जीव टाकतो तो नसताना कुणी विचारत नाही आणि असताना बघितल्याशिवाय कुणी सोडत नाही.

मेव्हणा जमिनीवर वाट बघत उभा होता. मेव्हणा दिलदार. जमीन त्याला नको होती आणि भावोजींना हवी होती, इतका दिलदार.

"भावोजी, माती एक नंबर आहे. फक्त वर थोडे दगड आहेत."

"आणि खाली?"

मेव्हण्यानं जरा विचार केला. "खाली मोठे आहेत."

टेम्पो सामान उतरवून गेला. मेव्हणा म्हणाला, "तुम्ही जरा आपल्या जमिनीवर बसा, मी रस्त्यावरून चहा घेऊन येतो," आणि मोटारसायकलवरून गेला. हेडक्लार्क एकटे उरले. त्यांनी सोबत आणलेली कुदळ उचलली. दांडा चष्मेवाल्याचा, कुदळ शिंप्याची. आपल्या जमिनीवर पहिला घाव घालताना काहीतरी उदात्त वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. घाव घातला, दगडावर टण्ण आवाज झाला, कुदळ दांड्यातून निसटली आणि टबात जाऊन पडली. टबाला दुसरं भोक पडलं. कमरेतून एक कळ अशी निघाली की ती थेट टाळूला जाऊन पोचली.

बसायला दुसरं काही नव्हतं. ते दातांच्या खुर्चीत बसले. पाय दांड्यावर पडला आणि खुर्ची मागं गेली. चांगलीच मागं गेली. मग थांबली.

त्यांनी दांडा दाबला. खुर्ची ढिम्म. उठायला जावं तर कमर उठू देईना. आणि अशा रीतीनं विमा कंपनीचे निवृत्त हेडक्लार्क एका दगडाळ माळावर, चौकट नसलेल्या दरवाज्यांच्या सोबतीनं, तोंड आकाशाकडे करून, पाय डोक्यापेक्षा वर ठेवून पडून राहिले. शेजारी थुंकायचं भांडं होतं, त्यात एक मुंगी फिरत होती.

माणूस उताणा पडला की खोटं बोलणं अवघड जातं. समोर कुणी नसतं. हेडक्लार्कांना एकेक गोष्ट आठवायला लागली. या वेळेला घरी कंडक्टर पेपरातल्या बातमीवरून वाद घालत असेल. खाली रस्त्यावर शिंप्याचं मशीन चालू असेल. बायको पंख्याखाली बसून भाजी निवडत असेल, ती भाजी जी कोपऱ्यावर मिळते, निवडून, तोलून, पिशवीत घालून. काय वाईट होतं त्या भाजीत? कुठल्या दुकानदारानं कधी त्यांचं काय बिघडवलं होतं? त्यांना तर दुकानात जायला आवडायचं!

मग हे सगळं कशासाठी? तर निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. ऑफिसात दिवसभर लोक विचारायला यायचे. शिव्या द्यायचे, पण विचारायचे. घरी बायकोसुद्धा "चहा घेणार?" याच्या पलीकडे विचारत नव्हती, आणि त्याचंही उत्तर तिला माहीत होतं. योजना जाहीर केली आणि लोक विचारायला लागले. साहेब कधी निघणार, साहेब विहीर खणणार का, साहेब कोंबड्या किती. एवढ्या चार प्रश्नांसाठी त्यांनी डोक्यावरचं छप्पर देऊन टाकलं होतं. पहिल्या तारखेला त्या छपराखाली टेपवाली सासू राहायला येणार होती, आणि ते आणि त्यांची बायको या माळावर, या मुंगीबरोबर.

मेव्हणा चहा घेऊन आला. "कसं वाटतंय, भावोजी?"

"आकाश दिसतंय."

"मस्त ना?"

"मला उठव."

घरी येऊन ते बायकोसमोर खुर्चीवर बसले. साध्या खुर्चीवर. म्हणाले, "मला नाही जायचं. मला कधीच जायचं नव्हतं बहुतेक."

बायको ओरडेल म्हणून त्यांनी खांदे आवळून घेतले होते. ती म्हणाली, "कमरेला काय झालंय?"

"कळ आलीय."

"पालथे झोपा. मलम लावते. आणि मग खाली जा आणि जागा परत मागा. ते मात्र मी करणार नाही."

हेडक्लार्क खाली गेले. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यापुढे हात जोडले होते. ते कसे जोडायचे हे त्यांना बघून माहीत होतं, पण स्वतःचे जोडायला गेले तर बोटं एकमेकांत नीट बसेनात. "चूक झाली," ते म्हणाले. "आम्हाला इथंच राहू द्या."

"मी त्या लोकांना शब्द दिलाय, साहेब," घरमालक म्हणाला. "माणसानं शब्दाला जागलं पाहिजे." ज्या माणसाला जास्त भाडं मिळणार असतं तो शब्दाला फार जागतो. "रविवारी ते पक्कं करायला येतायत. तेवढं जिन्यावरचं जंगल काढा."

रविवार आला. बायकोनं कपाटातली चांगली भांडी बांधायला काढली होती, पण बांधली नव्हती. नुसती जमिनीवर मांडून ती भांड्यांजवळ बसली होती. हेडक्लार्कांना ते बघवेना म्हणून ते दारात उभे होते. सासू, सून आणि मुलगा असे तिघे घरमालकाच्या मागोमाग जिना चढून वर आले. सासूच्या पदराला मनीप्लँट अडकला होता.

"हे सगळं जाणार आहे," घरमालक घाईनं म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावरून न्हावी आला. त्याच्या खांद्यावर तोंड धुवायचं एक भलंमोठं बेसिन होतं. "साहेब, दुकानात नवीन बसवलं. हे तुमच्या कामाला." ते त्यानं सासूच्या पायाशी ठेवलं, कपाळ पुसलं आणि गेला.

"मी आता काही घेत नाहीये," हेडक्लार्क त्याच्या पाठीला म्हणाले. खरं तेच ते बोलत होते. पण पाठीला सांगितलेलं कुणी ऐकतं का?

"हे कोण?" सासूनं विचारलं.

"रोजचंच आहे," कंडक्टर आपल्या दारातून म्हणाला. त्याला मदत करायची होती. "म्हणजे रोज नाही. रविवारी जरा जास्त येतात. लोकांना सुट्टी असते ना."

"पण हे लोक निघून गेल्यावर नाही येणार कुणी?"

"छे, छे. येणार ना! लोकांना आता पत्ता पाठ झालाय. साहेब राहोत नाहीतर तुम्ही, माणसाला वस्तू ठेवायला जागा लागते." मग तिला धीर द्यावा म्हणून त्यानं जोड दिली, "काही काही चांगल्या वस्तू असतात. परवा एकानं अर्धी शिडी आणली."

खालून धडधड आवाज आला. दोन शिपाई कूलर चढवत होते, मागून सॅनिटरी इन्स्पेक्टर हातात कागद घेऊन येत होता. वर पोचल्यावर त्यानं सगळ्यांकडे बघितलं. हेडक्लार्क तोंड लपवत होते, म्हणून त्यातल्या त्यात जबाबदार दिसणाऱ्या माणसाकडे तो वळला. ती सासू होती.

"तुम्ही इथं राहणार? बरं झालं. इथं सही करा."

"कसली सही?"

"कूलर मिळाल्याची. मोडीत काढलेला आहे, परत घेता येत नाही."

सासूनं पदराला अडकलेला मनीप्लँट सोडवला. सुनेकडे बघितलं. सुनेनं टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मुलगा आधीच दोन पायऱ्या खाली गेला होता. "आम्ही कळवतो," सासू घरमालकाला म्हणाली. आपल्याकडे "कळवतो" म्हणणारा माणूस कळवत नाही, हे घरमालकालाही कळत होतं. तो त्यांच्यामागं धावला. खाली रस्त्यावर त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग एकट्याचाच येत राहिला, मग थांबला.

संध्याकाळी घरमालक वर आला. आला, दाराबाहेर उभा राहिला आणि न विचारता कूलरवर बसला.

"अजून एक गिऱ्हाईक येऊन गेलं दुपारी," तो म्हणाला. "जिन्यावर कुणीतरी त्याच्या हातात कोरफड दिली. साहेब, तुम्ही राहा. पण हे बंद करा. हे तुमच्याशिवाय कुणाला बंद करता येणार नाही. तुमच्याकडेच बघून येतात ते."

हेडक्लार्कांच्या बायकोनं खाली मांडलेली भांडी एकेक करून परत कपाटात ठेवायला घेतली. तिनं वर बघितलं नाही, पण भांडी जितक्या हळुवारपणे ठेवली जात होती तेवढ्यावरून हेडक्लार्कांना कळलं की आपण वाचलो. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

घरमालकही सुटल्यासारखा झाला. मोकळा झाला, उठला, आणि जाता जाता म्हणाला, "गच्चीवर माझी एक पाण्याची जुनी टाकी आहे, गळते जराशी, पण तुम्हाला जर..."

"नको," हेडक्लार्क म्हणाले.

स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले. आतून बायकोही बघायला आली.

"नको," त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि ते इतकं सोपं होतं की तिसऱ्यांदाही म्हणावंसं वाटलं.

उरलेलं सगळं सामान कंडक्टरच्या पुतण्यानं दोन-चार खेपांत मेव्हण्याच्या जमिनीवर नेऊन टाकलं. कूलर गेला, बेसिन गेलं, आरसा गेला, अर्धी शिडी गेली. मनीप्लँट ज्याचे त्याला परत दिले. चष्मेवाला म्हणाला, माझा वाळलाय, आणि बोलणं सोडलं. चालेल. जिना रिकामा झाला. हेडक्लार्क एकदा विनाकारण वर-खाली करून आले, कशालाही न अडखळता.

मग एका दुपारी, बायको पंख्याखाली भाजी निवडत होती आणि हेडक्लार्क शेजारी पडले होते, तेव्हा मेव्हण्याचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"भावोजी, आधी बसून घ्या."

"पडलोय. बोल."

"जमिनीवर चोरी झाली. सगळं गेलं. दरवाजे, टब, कूलर, नळ, फावडी. गाडी घेऊन आले असणार कुणीतरी. एवढं तुमचं जमवलेलं... फक्त ती दातांची खुर्ची ठेवून गेलेत."

हेडक्लार्क उठून बसले. छातीवरून काहीतरी जड उचललं गेलं, आणि ते इतकं अनपेक्षित होतं की त्यांना हसू आवरेना. न बोलावता आले, सल्ला न देता उचललं, आणि कुणी पुन्हा भेटायला येणार नाही! त्यांना त्या अनोळखी माणसांबद्दल माया वाटली.

"तुम्ही काळजी करू नका," मेव्हणा म्हणाला. त्याला ते हसू रडण्यासारखं ऐकू आलं असावं. "मी आत्ताच पोलिसांत जातो. तक्रार नोंदवतो. एकेका वस्तूचं वर्णन सांगा मला, छडा लावूनच सोडतो."

भाजीच्या हातानंच बायकोनं फोन ओढून घेतला.

"खबरदार चौकीची पायरी चढलास तर!" ती भावाला म्हणाली. "अरे, सापडलं तर कुणाच्या दारात आणून देतील ते?"